ऊसतोड कामगारांचं काम, उचल आणि हक्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळीत हंगाम जवळ आला की हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांतून येतात, काही कोल्हापूर-सांगलीच्या बागायतदारांकडून, तर काही शहरात शिकणाऱ्या आणि आईवडील अजूनही तोडीला जाणाऱ्या मुलामुलींकडून. उत्तरं शक्य तितकी सरळ लिहिली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच दिलं आहे.

ऊसतोड कामगार कुठून कुठे जातात? किती आहेत?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं बिऱ्हाड घेऊन निघतात. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, पाथर्डी ही तालुक्यांची नावं या कामाशी कायमची जोडली गेली आहेत. ही माणसं पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या कारखान्यांवर जातात, अनेक टोळ्या कर्नाटकात बेळगावकडे उतरतात. नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी मजूर गुजरातेत बारडोली-सुरतच्या पट्ट्यात जातात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की सगळे परत येतात.

आकड्याबद्दल एकमत नाही. आठ लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत अंदाज दिले जातात. एवढी तफावत राहते कारण कारखान्याकडे या माणसांचा हजेरीपटच नसतो. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये प्रवरानगरला सुरू झाला, १९७२ च्या दुष्काळानंतर तोडीसाठी होणारं स्थलांतर प्रचंड वाढलं. इतक्या वर्षांत उसाच्या प्रत्येक गाडीचं वजन काट्यावर नोंदलं गेलं, तोडणाऱ्याचं नाव मात्र कुठल्याच वहीत आलं नाही.

एक कोयता म्हणजे किती माणसं?

दोन, बहुतेक वेळा नवरा-बायको. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, हिशोब कोयत्यावर होतो आणि सही किंवा अंगठा नवऱ्याचा असतो. बाई पहाटे तीनला उठून स्वयंपाक उरकते, दिवसभर फडात ऊस तोडते-साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते आणि रात्री कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, येऊन पुन्हा चूल पेटवते. कागदावर ती अर्धा कोयता आहे, पण तिच्या नावावर एक रुपयाही चढत नाही. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, कारण बाकीचे कितीतरी प्रश्न इथून सुरू होतात.

डोकी सेंटर, गाडी सेंटर, टायर सेंटर म्हणजे काय?

डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि ऊस असेल त्या गावागावांत हलत राहतात. गाडीवाले आणि टायरवाले बैलगाडीने ऊस थेट कारखान्यावर नेतात, त्यामुळे त्यांची वस्ती कारखान्याजवळच्या अड्ड्यावर असते. त्यांना वाहतुकीचे पैसे वेगळे मिळतात, पण बैलांचा खर्च आणि जोखीमही त्यांचीच. डोकीवाल्यांच्या सोयीसुविधांकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, कारण त्यांचा मुक्कामच पक्का नसतो.

उचल कशी चालते? ती का फिटत नाही?

कारखाना वाहतूकदाराला, म्हणजे ट्रक-ट्रॅक्टरच्या मालकाला, किंवा मजूर गोळा करणाऱ्या मुकादमाला पैसे देतो. मुकादम पावसाळ्यातच गावात फिरून कोयते बांधतो. पेरणी, शाळेची फी, आजारपण, लग्न, जुनं देणं अशा पैशाच्या ओढीच्या दिवसांत उचल हातात येते. हल्ली एका कोयत्याला लाख-दीड लाखापर्यंत उचल दिली जाते. हंगामात तोडलेल्या उसाच्या पैशातून ती वळती करून घेतात. आठवड्याला किराण्यासाठी थोडी खर्ची मिळते, तीही खात्यावर चढते.

आता हिशोब मांडू. सध्याचा तोडणीचा दर टनाला ३६६ रुपयांच्या आसपास आहे. धडधाकट जोडपं दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतं. दोन टन धरले तर दिवसाला ७३२ रुपये होतात, म्हणजे बारा-चौदा तास राबल्यावर माणशी ३६६. हंगाम १२० दिवस चालला आणि एकही दिवस चुकला नाही असं धरलं तरी कोयत्याची कमाई सुमारे ८८ हजार होते. उचल एक लाखाची असेल तर बारा हजार अंगावर राहिले, आणि यात खर्ची धरलेलीच नाही. दीड टनाने हिशोब केला तर कमाई ६६ हजारांच्या आत येते. त्यात एखादं आजारपण, चार दिवस पाऊस, कारखान्याची मशिनरी बंद पडणं यातलं काहीही आलं की बाकी आणखी वाढते. ती बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि कोयता त्याच मुकादमाशी बांधला जातो.

लोक आळशी आहेत, दारूत पैसे घालवतात, म्हणून उचल फिटत नाही, असं बागायती पट्ट्यात सर्रास ऐकायला मिळतं. वरचा हिशोब एकदा स्वतः करून पाहा. त्यात दारूचा एक रुपयाही नाही, तरी तो जुळत नाही.

उचल घेताना काय काळजी घ्यावी?

पैसे शक्यतो बँक खात्यावर घ्या, अर्धे बाईच्या खात्यावर घ्या. रोख घेतलेच तर त्याच दिवशी तारीख, रक्कम आणि साक्षीदार वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो घरातल्या शिकलेल्या मुलाकडे पाठवून ठेवा. कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका. गेल्या हंगामाची बाकी किती हे नवीन उचल घेण्याआधीच लेखी मागा. हंगामात प्रत्येक खेपेच्या वजनाची चिठ्ठी बघा आणि टनाचा आकडा रोज टिपून ठेवा. पट्टा पडल्यावर मुकादम सांगेल तो आकडा आणि तुमच्या वहीतला आकडा जुळला नाही, तर बोलायला हातात काहीतरी असतं.

तोडणीचा दर कोण ठरवतं?

सरकार ठरवत नाही. कारखान्यांचा साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार होतो. ऊसतोड कामगारांचे नेते बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्या काळापासून दरवाढ मागायची, कोयता बंद ठेवायचा, मग लवादाकडे जायचं अशी रीत पडली आहे. २०२० मध्ये १४ टक्के वाढ मिळाली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात ३४ टक्के वाढ ठरली, टनाचा दर २७३ च्या आसपास होता तो ३६६-३६७ वर गेला. मुकादमाचं कमिशनही एक टक्क्याने वाढून २० टक्के झालं. ते दराच्या वर दिलं जातं, मजुराच्या दरातून कापायचं नसतं.

३४ टक्के ऐकायला मोठी वाढ वाटते. पण शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये ऊसतोडीचा किमान वेतन दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, आणि तो सरकारने किमान वेतन म्हणून जाहीर केलेला दर आहे. तिथेही तो सगळीकडे सरळ हातात पडतो असं नाही. तरी मजुराकडे बोट ठेवायला एक सरकारी आकडा आहे. महाराष्ट्रात तसा टनावारी किमान दर ठरवून द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

हे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात?

शेतकऱ्याच्या. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला किमान भाव, असतो, २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला ३,५५० रुपये. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम शेतकऱ्याला मिळते. म्हणून दरवाढीची बातमी आली की शेतकऱ्याला वाटतं आपलं नुकसान झालं. कारखाना मात्र मजुराला सांगतो की दर करारानं ठरतो, आणि शेतकऱ्याला सांगतो की मजुरी वाढली. दोघे एकमेकांकडे रागाने बघत राहतात. तोडणीच्या खर्चाचा तपशील, त्यात मजुराचा वाटा किती, मुकादमाचा किती, वाहतुकीचा किती, हे बिलावर वेगवेगळं छापायची मागणी शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी मिळून करायला हवी.

मग ऊसतोड कामगाराचा मालक कोण?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा प्रश्न हा आहे.

शेतकरी म्हणतो, टोळी कारखान्याने पाठवली. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी आहे. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पण कामगारच. कित्येक मुकादम खरोखरच एकेकाळी कोयता चालवलेले असतात. प्रत्यक्षात तोडीचा कार्यक्रम कारखान्याचं शेतकी खातं ठरवतं, कोणत्या फडात कधी जायचं ते त्यांचा चिठ्ठीवाला सांगतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, बिल कारखान्यातून निघतं. कामावर ज्याचा ताबा असतो तो मालक, हे साधं तत्त्व लावलं तर उत्तर एकच निघतं.

मालकाचं नाव न ठरल्यामुळे किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई, पाळणाघर यातलं काहीच मागता येत नाही. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. बेळगाव किंवा बारडोलीला जाणारा त्यात बसायचा, राज्यातल्या राज्यात पाटोद्याहून शिरोळला जाणारा बसत नसे. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि जुने बरेच कायदे त्यांत विलीन झाले. तरी मजूर आणि कारखाना यांच्यात थेट लेखी करार होत नाही तोवर त्यांतल्या हक्कांपर्यंत मजुराचा हात पोचणं अवघडच राहील.

उचल फिटली नाही म्हणून घरी जाऊ देत नाहीत. मुलाला ठेवून घेतलं आहे. काय करावं?

आधी ११२ वर फोन करा. कोणालाही अडवून, डांबून ठेवणं हा गुन्हा आहे, देणं कितीही असो. लहान मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ लाही कळवा.

मग लेखी तक्रार जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे द्या आणि त्यात वेठबिगारी हा शब्द स्पष्ट लिहा. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. आगाऊ घेतलेल्या पैशाच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करायचं, हिंडाफिरायचं किंवा बाजारभावाने मजुरी घ्यायचं स्वातंत्र्य उरलं नसेल, तर ती वेठबिगारी. ती सिद्ध झाली की कर्ज फेडायची जबाबदारीच कायद्याने संपते. ते वसूल करायला कोणी आला तर तो गुन्हेगार ठरतो, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर यासाठी दक्षता समित्या असाव्या लागतात.

दोन न्यायनिर्णय लक्षात ठेवा. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा संविधानाच्या कलम २३ नुसार सक्तीची मजुरी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असं गृहीत धरावं, तसं नाही हे मालकाने सिद्ध करावं. गरीब माणसाकडे पुरावा कुठून असणार, हे न्यायालयाने ओळखलं होतं. सुटका झालेल्यांना केंद्राच्या योजनेतून तातडीची मदत आणि पुढे पुनर्वसनाचे पैसे मिळतात. प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अतिशय गंभीर शोषण झालेल्यांना तीन लाख रुपये. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याने दिलेला सुटकेचा दाखला लागतो. गाडीत बसवून घरी सोडून दिलं आणि दाखला दिला नाही, असं बहुतेक वेळा होतं. दाखला घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

फुकट वकील मिळण्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

मुकादमाने माझा धनादेश वटवायला टाकला आणि नोटीस आली आहे.

नोटीस फेकून देऊ नका. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस महत्त्वाचे असतात. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा, उत्तर लेखी पाठवा, धनादेश कोरा घेतला होता हे त्यात लिहा.

मजूरही उचल घेऊन पळून जातात. त्याचं काय?

होतं असं. वाहतूकदाराने जमीन तारण ठेवून कर्ज काढलेलं असतं, मुकादमाला दहा-पंधरा लाख दिलेले असतात आणि हंगामाला टोळीच येत नाही. कर्जात बुडालेले ट्रॅक्टरमालक सांगली-कोल्हापुरात गावोगावी भेटतील आणि त्यांचं दुःख खोटं नाही. काही मजूर दोन-दोन मुकादमांची उचल घेतात, काही मुकादम मजुरांच्या नावावर पैसे उचलून स्वतःच गायब होतात. पण हे सगळं रोखीच्या, बिनकागदाच्या उचलीमुळे शक्य होतं. थेट खात्यावर पैसे आणि कारखान्याकडे नोंदणी झाली तर फसवणूक दोन्ही बाजूंनी कमी होईल.

खाडा म्हणजे काय? त्याचा दंड कायदेशीर आहे का?

कामाला न जाणं म्हणजे खाडा. आजारी पडलं, पाळीमुळे उठता आलं नाही, घरी मयत झाली, तरी खाडा धरून दंड लावतात. दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड. अशा दंडाला कोणताही कायदेशीर आधार नाही. कामाच्या मोबदल्यात टनावर पैसे ठरले आहेत, तर ज्या दिवशी टन नाही त्या दिवशी पैसे नाहीत, एवढंच होऊ शकतं.

बीडमधल्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी खरी होती का?

खरी होती. २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ते ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

मुकादम बायकांना सरळ दवाखान्यात नेऊन गर्भाशय काढायला लावतात, असं चित्र बातम्यांतून काही जणांच्या मनात राहिलं. बहुतेक जणींच्या बाबतीत घडतं ते याहून गुंतागुंतीचं आहे. सहा महिने फडात राहायचं, संडास नाही, न्हाणी नाही, पाणी कॅनॉलचं नाहीतर शेततळ्यातलं, पाळीत वापरलेलं कापड नीट धुवायला-वाळवायला जागा नाही. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून जातं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढताना पोटात कळा येतात. दुखणं अंगावर काढलं जातं कारण खाडा परवडत नाही. हंगाम संपल्यावर गावाकडे एखाद्या खासगी दवाखान्यात गेलं की सोनोग्राफी होते आणि ‘पिशवी काढा नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं जातं. दोन-तीन मुलं झालेली, वय तिशीचं, कॅन्सरची भीती, पुढच्या हंगामाची घाई, यात ती हो म्हणते. शस्त्रक्रियेला पैसे उचलीतूनच येतात. मग पाठ, गुडघे, हाडं दुखायला लागतात, घाबरल्यासारखं होतं, आणि तरी काही महिन्यांत ती पुन्हा मोळी उचलत असते.

यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक केलं गेलं. हा चांगला निर्णय होता. मात्र फडातला संडास, स्वच्छ पाणी आणि पगारी सुट्टी यांची सोय झाल्याशिवाय दुखणं थांबणार नाही. तुम्हाला कोणी पिशवी काढायला सांगितलं असेल तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पांढरं जाणं, जास्त रक्तस्राव, ओटीपोटात दुखणं यांतल्या बहुतेक तक्रारी औषधाने बऱ्या होतात.

गरोदरपणात तोडीला गेल्यावर तपासणी, लसी, पोषण आहार कुठे मिळेल?

जिथे मुक्काम असेल तिथल्या आशाताई आणि अंगणवाडीताईंना गाठा, गाव तुमचं नसलं तरी नाकारता येत नाही. स्थलांतरित माता-बालकांच्या नोंदी सोबत जाव्यात म्हणून राज्याने महा-एमटीएस ही प्रणाली आणली आहे, म्हणून निघण्याआधी गावच्या अंगणवाडीत नोंद करून जा. माता-बाल कार्ड बरोबर ठेवा. बाळंतकळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करा आणि ठिकाण सांगताना फडाच्या मालकाचं नाव सांगा. रात्री उसाच्या रानात रुग्णवाहिकेला त्याच नावाने वाट सापडते.

मुकादम, ड्रायव्हर किंवा शेतमालकाने त्रास दिला तर?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा असंघटित कामगार बायकांनाही लागू आहे. त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयातून तिच्याकडे जाते. १८१ वर महिला हेल्पलाइन आहे. हे लिहिताना मला जाणीव आहे की परक्या गावात, नवऱ्याच्या डोक्यावर उचल असताना तक्रार करणं किती कठीण असतं. निदान टोळीतल्या बायकांनी एकमेकींना सांगावं, रात्री गाडी भरायला एकटीने जाऊ नये, आणि गावच्या बचत गटातल्या ताईला फोनवर कळवून ठेवावं.

मुलांच्या शाळेचं काय करायचं?

तीन वाटा आहेत. पहिली, मुलं गावातच आजी-आजोबांकडे ठेवून हंगामी वसतिगृहाचा लाभ घेणं. त्यात शाळेकडून दोन वेळच्या जेवणाची सोय होते. दुसरी, संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना. २०२१ मध्ये राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत प्रत्येकी शंभर जागांची ८२ वसतिगृहं मंजूर केली, निम्मी मुलींसाठी. ती टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत, तुमच्या तालुक्यात आहे का हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. तिसरी, मुलं सोबत न्यावीच लागली तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेऊन जा आणि मुक्कामाजवळच्या जिल्हा परिषद शाळेत दाखवा. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारणं शिक्षण हक्क कायद्याच्या विरुद्ध आहे.

मुलगी आठवी-नववीत असेल तर पहिल्या दोनपैकी एक वाट धरा, असं मी हात जोडून सांगेन. मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं या काळजीतून तिचं लग्न उरकलं जातं. शिवाय लग्न झालं की अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता होतो आणि उचल दुप्पट मिळते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात २०-२४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं दिसलं, बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. तोडीचं काम जोडप्याच्या हिशोबाने चालतं तोपर्यंत नुसत्या जनजागृतीने हा आकडा खाली येणार नाही.

रेशन तिकडे मिळतं का?

हो. कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून घेता येतं, दुसऱ्या राज्यातही. घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या वाट्याचं गावातच घेता येतं.

अपघात झाला, साप चावला, बैल मेला तर भरपाई मिळते का?

ट्रॉली उलटणं, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, सर्पदंश हे नेहमीचे धोके आहेत. जुन्नर-शिरूरच्या पट्ट्यात उसात बिबटेही असतात. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात वनविभाग भरपाई देतो, त्याला तातडीने कळवावं लागतं. ऊसतोड कामगार, वाहतूकदार, मुकादम आणि बैलजोडीसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात विमा योजना आहे. कोणत्याही अपघातात पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आणि माणूस त्या कारखान्याच्या तोडीवर होता याचा पुरावा या तीन गोष्टी लागतात. तिसरी जमवणंच अवघड असतं, म्हणून वजनाच्या चिठ्ठ्या टाकून देऊ नका. बैलाच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या.

ऊसतोड कामगार महामंडळ काय करतं? ओळखपत्र कुठे मिळतं?

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची घोषणा आधी झाली, प्रत्यक्ष कार्यालय २०२२ मध्ये उघडलं. गाळप होणाऱ्या उसावर कारखान्यांनी टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. राज्यात हंगामाला हजार लाख टन गाळप झालं तर कारखान्यांचा वाटा शंभर कोटी होतो. २०२१-२२ च्या विक्रमी हंगामात तर गाळप तेराशे लाख टनांच्या वर गेलं होतं आणि मजूर जूनपर्यंत फडात होते. त्यामुळे पैसा नाही हे कारण टिकत नाही. वसुलीवरून मात्र सतत ओढाताण चालते.

नोंदणी आणि ओळखपत्र ग्रामपंचायतीत ग्रामसेवकामार्फत होतं. बाईच्या नावाने वेगळं ओळखपत्र घ्या, नवऱ्याच्या कार्डावर नाव घालून भागवू नका. असंघटित कामगारांसाठीच्या केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणीही करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड कामगारांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका चालवली आहे, तिच्यामुळे सरकारी यंत्रणांना उत्तर द्यावं लागतंय.

हार्वेस्टर आल्यावर हे काम संपेल का?

लगेच नाही. २०२३ मध्ये राज्याने ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान जाहीर केलं, किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख यांपैकी जे कमी ते. यंत्राला रुंद सरी आणि सलग मोठं रान लागतं, ओल्या जमिनीत ते रुततं. अर्ध्या-एक एकराच्या तुकड्यात कोयताच चालतो. पण मोठी रानं यंत्राला आणि अडचणीची रानं मजुराला, अशी वाटणी आत्ताच दिसू लागली आहे. त्यात मजुराचा दिवसाचा टन कमी होतो आणि वर मांडलेला हिशोब आणखी बिघडतो. यंत्राला अनुदान देताना ज्या तालुक्यांतून मजूर येतात तिथे पाणी, रोजगार हमीची कामं आणि दुसरा धंदा यांवर तेवढाच खर्च व्हायला हवा. आज तो होत नाही.

माझ्या उसाला टोळी आली आहे. शेतकरी म्हणून मी काय करू शकतो?

बरंच. मोटारीचं स्वच्छ पाणी प्यायला आणि अंघोळीला भरू द्या. घरचा किंवा शेतावरचा संडास बायकांना वापरू द्या, नसेल तर चार बांबू आणि हिरवी जाळी लावून आडोसा करून द्या. कोपी घालायला विहिरीच्या कडेपासून आणि विजेच्या तारेपासून लांबची जागा दाखवा, विहिरीला कठडा नसेल तर काटेरी फांद्या टाका. लहान मुलं फडाच्या कडेला झोपवलेली असतात, ट्रॉली मागे घेताना ड्रायव्हरला आधी खाली उतरून बघायला सांगा. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून टोळीचा रोजचा भाजीपाला निघतो, म्हणून वाढ्यांवरून वाद घालू नका.

खुशालीबद्दल बरेच शेतकरी चिडून विचारतात. एकरामागे पैसे दिल्याशिवाय टोळी फडात येत नाही, ही तक्रार खरी आहे. पण त्यातला किती भाग मजुराला मिळतो आणि किती मधल्या माणसांकडे राहतो हे विचारा. द्यायचेच असतील तर तोडणाऱ्या बाईच्या हातात द्या. मागणी अवाच्या सवा असेल तर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडे आणि साखर आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करा.

तुम्ही कारखान्याचे सभासद असाल तर वार्षिक सभेत तुम्हाला प्रश्न विचारायचा हक्क आहे. महामंडळाचे टनामागे दहा रुपये भरले का, तोडणी मजुरांची नावनिशीवार यादी ठेवली आहे का, अड्ड्यावर संडास आणि पाण्याची टाकी आहे का, हे तीन प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात नोंद करायला लावा.